चंद्र, हवामान आणि भूकंप: संबंध आहे का ते घरबसल्या नीट कसं तपासायचं

मोठा भूकंप झाला की तासाभरात कुणीतरी कॅलेंडर उघडून बघतंच, आणि आजूबाजूला पौर्णिमा किंवा अमावस्या सापडली की झालं, "बघा, आम्ही म्हणत होतो ना" सुरू. आता खरं सांगायचं तर ही कल्पना मुळात वेडगळ अजिबात नाहीये. चंद्र जसा समुद्र ओढतो तशी जमीनही ओढतो, पायाखालचा कडक खडक काही ठिकाणी दिवसातून दोनदा ३०-४० सेंटीमीटर वरखाली होतो, फक्त आपण सगळेच त्याच्याबरोबर वरखाली होत असल्यामुळे आपल्याला कळत नाही. त्यामुळे प्रश्न विचारण्यात काही चुकीचं नाही, घोळ होतो तो उत्तर काढायच्या पद्धतीत. आणि तो घोळ जवळजवळ प्रत्येक वेळी एकाच जागी असतो: काहीच संबंध नसता तरी किती भूकंप "जुळले" असते, हे कुणी मोजतच नाही.

स्प्रेडशीट येत असेल तर पुढचं सगळं जमेल. कोडिंग येत असेल तर वेळ वाचेल, एवढंच.

आधी कल्पना लिहून काढा, डेटा नंतर उघडा

एकच वाक्य, पण त्यात चार गोष्टी पाहिजेतच: कुठले भूकंप (जागा), किती मोठे (मॅग्निट्यूड), किती खोलीपर्यंतचे, आणि चंद्राच्या कुठल्या स्थितीपासून किती दिवसांच्या आत. "पौर्णिमेच्या सुमारास भूकंप वाढतात" याला काही अर्थ नाही, कारण सुमारास म्हणजे एक दिवस की पाच दिवस हे नंतर सोयीप्रमाणे ठरवता येतं. "जगभरातले ६ किंवा त्याहून मोठे, ७० किलोमीटरपेक्षा कमी खोल भूकंप, पौर्णिमा किंवा अमावस्येच्या आधी-नंतर ३ दिवसांत अपेक्षेपेक्षा जास्त होतात", हे तपासता येतं. हे वाक्य तारीख टाकून सेव्ह करून ठेवा आणि नंतर त्याला हात लावू नका. नवीन कल्पना सुचली तर नवीन वाक्य, नवीन तारीख.

फुकटात किती जुळतंय ते काढा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, म्हणून इथे जरा थांबू. अमावस्या ते अमावस्या २९.५३ दिवस. पौर्णिमेच्या दोन्ही बाजूंना ३-३ दिवस आणि तो दिवस धरून ७, अमावस्येचे तसेच ७, झाले १४. १४ भागिले २९.५३ म्हणजे ४७ टक्के. म्हणजे भूकंपाला चंद्राची काडीचीही पर्वा नसली तरी जवळजवळ निम्मे भूकंप तुमच्या या १४ दिवसांच्या खिडकीत पडणारच. आता त्यात बरेच हौशी लोक घालतात तसा उपभूही घाला, म्हणजे चंद्र पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येतो तो दिवस, जो साधारण २७.५५ दिवसांनी येतो, त्याच्याही आजूबाजूचे ३-३ दिवस घेतले की फुकटचा आकडा ६० टक्क्यांच्या आसपास जातो. ग्रहणं, ग्रहांच्या युत्या वगैरे घालत गेलात तर महिन्यात मोकळा दिवसच उरत नाही.

हे प्रत्यक्ष उदाहरणांवर बघा. १९६४ चा अलास्का, १९९५ चा कोबे, २६ डिसेंबर २००४ चा सुमात्रा, फेब्रुवारी २०१० चा चिली, ६ फेब्रुवारी २०२३ चा तुर्कस्तान, हे सगळे पौर्णिमेला किंवा तिच्या दीडेक दिवसाच्या आत झालेले. यादी बघून अंगावर काटा येतो की नाही? आता दुसरी यादी. १२ मे २००८ चा चीनमधला वेंचुआन, ११ मार्च २०११ चा जपान, २५ एप्रिल २०१५ चा नेपाळ. तिन्ही शुक्ल पक्षातल्या अष्टमीच्या आसपास, अर्ध्या चंद्राला. याच यादीवरून "अष्टमीला मोठे भूकंप होतात" असा तितकाच दणदणीत लेख लिहिता आला असता, फक्त अष्टमीची भीती कुणाला वाटत नाही म्हणून तो कुणी लिहिला नाही. तेव्हा निवडक भूकंपांची यादी, मग ती कितीही लांब असो, बाजूला ठेवायची. पूर्ण कॅटलॉग घ्यायचा.

डेटा कुठून आणि कसा घ्यायचा

अमेरिकेच्या यूएसजीएस या सरकारी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा भूकंप कॅटलॉग, म्हणजे नोंदलेल्या भूकंपांची यादी, फुकट आहे, तारीख, मॅग्निट्यूड, खोली, अक्षांश-रेखांश टाकून सर्च करा आणि सीएसव्ही फाइल उतरवा. एका वेळी जास्तीत जास्त २०,००० नोंदी मिळतात, त्यामुळे वर्षांचे तुकडे करून घ्या. फाइल उघडली की चार गोष्टी लगेच बघायच्या.

वेळ यूटीसीमध्ये (जगभर एकच धरलेली प्रमाणवेळ) असते, स्थानिक नाही. अलास्काचा भूकंप तिथे २७ मार्चच्या संध्याकाळी झाला पण यूटीसीप्रमाणे २८ मार्च होता. पौर्णिमेची वेळ एका घड्याळाने आणि भूकंपाची दुसऱ्याने घेतली की हिशोब निम्मा दिवस सरकतो, आणि अशा सरकलेल्या टेबलांवर लोकांनी महिनोनमहिने काम केलेलं असतं.

खोलीच्या रकान्यात १० किंवा ३३ असे आकडे सारखे सारखे दिसले तर ती मोजलेली खोली नाही, नीट ठरवता आली नाही म्हणून टाकलेली ठरावीक किंमत आहे.

भूकंपाचा प्रकार लिहिलेला रकाना असतो, त्यात खाणींचे सुरुंगही येतात, ते काढून टाका. सुरुंग दिवसा आणि कामाच्या वारी लागतात, मग तुमच्या आलेखात सुंदर "चक्र" दिसतं आणि ते चंद्राचं नसतं, शिफ्टचं असतं.

चौथी गोष्ट जरा मोठी आहे: लहान भूकंप सगळे नोंदले जात नाहीत. यंत्रं जसजशी वाढली तसतसे लहान भूकंप जास्त सापडायला लागले, त्यामुळे "पूर्वीपेक्षा भूकंप वाढलेत" असं दिसतं, आणि रात्री रस्ते-कारखाने शांत असल्यामुळे बारीक हादरे जास्त पकडले जातात. तुमचा कॅटलॉग कुठल्या मॅग्निट्यूडपर्यंत पूर्ण आहे हे बघायची सोपी युक्ती म्हणजे ५ च्या वरचे किती, ४.५ च्या वरचे किती, ४ च्या वरचे किती असं मोजत जा. मॅग्निट्यूड १ ने कमी झालं की संख्या साधारण दहापट व्हायला हवी, ज्या ठिकाणी ही वाढ मंदावते तिथून खालचा डेटा अपुरा, तो वापरायचा नाही. जगभराचं काम करत असाल तर १९७६ नंतरचे आणि ५.५ च्या वरचे घ्या, डोक्याला ताप कमी.

आफ्टरशॉक काढा, नाहीतर बाकी सगळं वाया

एक मोठा भूकंप पौर्णिमेला झाला आणि मागून पुढच्या तीन दिवसांत ५ च्या वरचे दीडशे आफ्टरशॉक, म्हणजे त्याच भूकंपामुळे येणारे नंतरचे धक्के, आले, की तुमच्या टेबलात पौर्णिमेच्या खात्यावर १५१ भूकंप जमा. खरं तर ती घटना एकच आहे. सुनामी आणणारे महाभूकंप तर एकटेच अख्खा आलेख वाकवतात.

यासाठी जुनी पण सोपी पद्धत १९७४ ची, गार्डनर आणि नोपॉफ यांची. प्रत्येक मोठ्या भूकंपाभोवती अंतराची आणि काळाची एक चौकट आखायची, ६ मॅग्निट्यूडला साधारण ५४ किलोमीटर आणि ५१० दिवस, ५ ला ४० किलोमीटर आणि १५५ दिवस, आणि त्या चौकटीत नंतर आलेला प्रत्येक लहान भूकंप काढून टाकायचा. सगळ्यात मोठ्या भूकंपापासून सुरुवात करून खाली यायचं. अंतर काढायला अक्षांश-रेखांशांची साधी वजाबाकी चालणार नाही, गोलावरच्या अंतराचं सूत्र वापरा. कंटाळवाणं काम आहे, स्प्रेडशीटमध्ये तर वैताग येतो, पण याला पर्याय नाही. जाता जाता, आफ्टरशॉक काढल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियातले उरलेले भूकंप निव्वळ यादृच्छिक दिसतात का, असा प्रश्न त्या दोघांनी पेपरच्या शीर्षकातच विचारला होता आणि सारांशात एकच शब्द लिहिला, "हो". २०१८ मध्ये सुझन हफ यांनी ८ च्या वरचे भूकंप वर्षातल्या किंवा चांद्रमासातल्या ठरावीक दिवशी होतात का असा पेपर लिहिला, त्याचाही सारांश एका शब्दाचा: "नाही".

चंद्राचा कोन काढायचा

"पौर्णिमेपासून किती दिवस" यापेक्षा कोन बरा. ६ जानेवारी २०००, यूटीसी १८:१४ ला अमावस्या होती. भूकंपाच्या वेळेतून ही वेळ वजा करा, दिवसांत येणाऱ्या उत्तराला २९.५३०५८८ ने भागून उरलेली बाकी घ्या, त्या बाकीला परत २९.५३०५८८ ने भागा आणि ३६० ने गुणा. शून्य म्हणजे अमावस्या, १८० पौर्णिमा, ९० आणि २७० अर्धे चंद्र. ही सरासरी अमावस्या आहे, खरी तिच्यापासून काही तास, कधी अर्ध्या दिवसाहून जास्तही पुढेमागे असते, पण पहिल्या फेरीला चालतं. जास्त बारीक पाहिजे असेल तर नासाच्या साइटवर अमावस्या-पौर्णिमांचे तक्ते आहेत, ते घ्या.

एक खोच इथे हमखास निसटते. चंद्र-सूर्याची ओढ अमावस्येलाही जास्त आणि पौर्णिमेलाही जास्त, म्हणजे खरं चक्र महिन्याचं नाही, पंधरवड्याचं आहे, उधाणाच्या भरतीसारखं. साधा कोन वापरला तर दोन्हीकडचे भूकंप एकमेकांना खोडतात आणि असलेला परिणामही दिसत नाही. म्हणून कोन दुप्पट करायचा. दुप्पट केल्यावर अमावस्या आणि पौर्णिमा दोन्ही एकाच जागी येतात.

चाचणी

आर्थर शुस्टर यांनी १८९७ मध्ये नेमका हाच प्रश्न, भूकंपांत चंद्र-सूर्याचं चक्र आहे का, सोडवायला एक चाचणी दिली, ती अजूनही वापरतात आणि स्प्रेडशीटच्या पाच रकान्यांत बसते. प्रत्येक भूकंपाच्या दुप्पट कोनाचं कोसाइन आणि साइन काढा (आधी अंशांचं रेडियन करायला विसरू नका). सगळ्या कोसाइनची बेरीज, सगळ्या साइनची बेरीज, दोन्हींचे वर्ग करून मिळवा, भूकंपांच्या संख्येने भागा, त्याला उणे चिन्ह लावून घातांकी फंक्शनमध्ये टाका. जो आकडा येतो ती शक्यता: चंद्राचा काहीही संबंध नसताना निव्वळ योगायोगाने इतका कल दिसण्याची.

समजा आफ्टरशॉक काढून ३०० भूकंप उरले, कोसाइनची बेरीज २० आली, साइनची १५. वर्ग ४०० आणि २२५, बेरीज ६२५, भागिले ३०० म्हणजे २.०८, उत्तर ०.१२५. म्हणजे आठात एकदा असा कल आपोआप दिसतो, यात काही नाही. बेरजा ३५ आणि २० आल्या असत्या तर उत्तर ०.००४ च्या आसपास, तेव्हा मात्र खुर्चीत सरळ बसून सगळं परत तपासायचं, पहिला संशय आफ्टरशॉकवर घ्यायचा.

सूत्रावर भरवसा नसेल तर आणखी एक रस्ता आहे आणि मला तो जास्त आवडतो. तुमच्याच कॅटलॉगमधल्या तारखा फेका, त्याच कालावधीतल्या तितक्याच यादृच्छिक तारखा घ्या आणि मूळ वाक्यातल्या खिडकीत किती पडतात ते मोजा. असं हजारदा करा. ३०० भूकंपांसाठी सरासरी १४२ पडतील, पण १२५ ते १५९ मधलं काहीही सहज येईल. खऱ्या यादीत १५० आले म्हणून नाचायचं कारण नाही हे, ते हजार आकडे डोळ्यांनी बघितल्यावर जितकं पटतं तितकं कुणी सांगून पटत नाही.

आणि जितक्या कल्पना तपासल्या तितक्या सगळ्या मोजा, फसलेल्यासुद्धा. ५ टक्क्यांच्या कसोटीवर (चाचणीचा आकडा ०.०५ च्या खाली आला की पास) वीस वेगवेगळ्या कल्पना तपासल्या तर सगळ्या खोट्या असूनही एखादी तरी "पास" व्हायची शक्यता ६४ टक्के आहे. यावर सोपा इलाज: कॅटलॉगचे दोन भाग करा, २००० पर्यंतच्या डेटाशी पाहिजे तेवढं खेळा, आणि २००१ पासूनचा भाग शेवटच्या एका तपासणीसाठी न उघडता ठेवा.

हवामान जोडायचं असेल तर

इथे काम जास्त अवघड आहे आणि बहुतेक लोक ते जास्त सहज करतात. उकाडा वाढला, वारा पडला, ढग विचित्र दिसले, आता भूकंप येणार, ही समजूत अॅरिस्टॉटलपर्यंत मागे जाते, त्याच्या मते जमिनीत कोंडलेला वारा भूकंप करतो. पण उन्हाळा-हिवाळ्याचा फरक जमिनीत जेमतेम १०-२० मीटरपर्यंत पोचतो आणि भूकंप किलोमीटरांत मोजाव्या लागणाऱ्या खोलीवर होतात. तापमान तिथेच बाद.

हवेचा दाब आणि पाणी मात्र बाद नाहीत. जोरदार वादळात दाब ३० हेक्टोपास्कलने (हे दाबाचं एकक) उतरला तर तो फरक ३ किलोपास्कलचा झाला, आणि चंद्र-सूर्याच्या ओढीने फॉल्टवर (खडकातली भेग, जिच्यावर सरक होऊन भूकंप होतो) येणारा ताणही काही किलोपास्कलच असतो, म्हणजे दोघं एकाच वजनगटातले. तैवानमध्ये टायफूनमुळे दाब उतरल्यावर जमिनीखाली मंद सरक (धक्का न बसता फॉल्ट हळूहळू सरकणं) झाल्याचं २००९ मध्ये नेचरमध्ये छापून आलं होतं. जर्मनीतल्या होखश्टाउफेन डोंगराखाली जोरदार पावसानंतर बारीक भूकंपांची माळ लागलेली आहे. नेपाळ-हिमालयात लहान भूकंप पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यात जास्त होतात, पावसाळ्यात गंगेच्या मैदानात साठणाऱ्या पाण्याचं वजन त्यामागे आहे असं मानलं जातं. सगळीकडे गोष्ट मंद सरकीची किंवा लहान भूकंपांची आहे, हे लक्षात घ्या.

तेव्हा हवामान तपासायचं तर जगभराचे भूकंप घेऊन उपयोग नाही, एक प्रदेश घ्या आणि तिथलाच दाब आणि पाऊस घ्या. युरोपियन हवामान केंद्राचा ईआरए५ हा जगभरच्या जुन्या हवामानाचा डेटा १९४० पासूनचा तासातासाचा मिळतो. त्यातून आधी ऋतूचा भाग वजा करा: प्रत्येक दिवसाच्या दाबातून त्या तारखेची अनेक वर्षांची सरासरी काढून टाका. हे केलं नाही तर वर्षाच्या चक्राने चालणाऱ्या कुठल्याही दोन गोष्टी एकमेकींशी जुळतात. पाऊस आणि भूकंप यांच्यात किती दिवसांचं अंतर धरणार तेही आधीच लिहा, कारण पाणी मुरायला वेळ लागतो आणि "पंधरा दिवसांनी नाही तर चाळीस दिवसांनी" करत बसलात की काहीतरी सापडतंच. आणखी एक, वादळी वाऱ्यात सिस्मोग्राफवर खडखडाट वाढतो आणि बारीक भूकंप त्यात बुडतात. "वादळात भूकंप कमी होतात" असं आलं तर ते वाऱ्याने लपवलेत का, हे आधी बघा.

चंद्रामुळे हवामान बदलतं आणि हवामानामुळे भूकंप, अशी साखळी जोडणाऱ्यांसाठी: चंद्रामुळे हवेच्या दाबात चढउतार होतो हे खरं, पण विषुववृत्ताजवळही तो ०.१ हेक्टोपास्कलपेक्षा कमी असतो. साधा ढगाळ दिवस याच्यापेक्षा कितीतरी जास्त दाब हलवतो.

काही सापडलंच तर

सापडू शकतं, कारण परिणाम खरोखर आहे. २००४ मध्ये कोचरन, विडाल आणि तनाका यांनी समुद्राकाठच्या उथळ थ्रस्ट फॉल्टवर (जिथे एक बाजू दुसरीवर चढते) दाखवलं की भरती-ओहोटीचा ताण खूप मोठा असेल तेव्हा भूकंपाची शक्यता तिपटीपर्यंत वाढते. पण त्यांनी कॅलेंडरवरची तिथी वापरली नाही, त्या त्या फॉल्टच्या दिशेने, त्या त्या तासाला येणारा ताण काढला. २०१६ मध्ये जपानी संशोधकांना सुमात्रा, चिली आणि २०११ च्या जपानच्या भूकंपाच्या वेळी असा ताण जास्त असल्याचं दिसलं, आणि वर बघितलंच की जपानच्या वेळी चंद्र अर्धा होता. तिथी म्हणजे सगळ्या पृथ्वीचा सरासरी आकडा, फॉल्टला तो कळत नाही. चंद्राचं अंतरही तिथीइतकंच महत्त्वाचं, उपभूला त्याची ओढ लांबच्या टोकापेक्षा साधारण ४० टक्के जास्त असते. शिवाय भूकंपात मोकळा होणारा ताण साधारण १,००० ते १०,००० किलोपास्कल, त्यापुढे चंद्राचे दोन-चार किलोपास्कल म्हणजे आधीच तुटायला आलेल्या फॉल्टला लागलेला शेवटचा हात, आणि कुठला फॉल्ट तुटायला आलाय हे चंद्राकडे बघून समजत नाही.

म्हणून संबंध सापडला तरी भाकीत जाहीर करायच्या आधी पुन्हा एकदा फुकटचा हिशोब. जगात ७ च्या वरचे भूकंप वर्षाला साधारण १५, ६ च्या वरचे साधारण १५०. "या आठवड्यात जगात कुठेतरी ६ चा भूकंप होईल" हे भाकीत ९४ टक्के वेळा खरं ठरतं. ७ चं केलं तरी चारात एकदा. १९९० मध्ये आयबेन ब्राउनिंग यांनी भरतीच्या ओढीवरून अमेरिकेतल्या न्यू माद्रिदला ३ डिसेंबरच्या आसपास मोठा भूकंप सांगितला, शाळा बंद ठेवल्या गेल्या, काही झालं नाही. ११ मे २०११ ला रोम हादरणार अशी अफवा बेंदांदी या १९७९ मध्ये वारलेल्या हौशी अभ्यासकाच्या नावावर पसरली, लोक शहर सोडून गेले. रोम शांत राहिलं, पण त्याच दिवशी स्पेनमधल्या लोर्काला ५.१ चा भूकंप होऊन ९ माणसं गेली, आणि लगेच "भाकीत खरं होतं, फक्त जागा चुकली" असं सुरू झालं.

तुमचं भाकीत असं सरकू नये म्हणून ते लिहिताना अक्षांश-रेखांशांची चौकट, किमान मॅग्निट्यूड, सुरुवातीची आणि शेवटची यूटीसी वेळ, आणि त्या चौकटीत तेवढ्या दिवसांत फुकटात भूकंप होण्याची टक्केवारी, हे सगळं एकाच ओळीत टाका. ही टक्केवारी यूएसजीएसच्या त्याच कॅटलॉगमधून निघते: त्या चौकटीत तेवढ्या मॅग्निट्यूडचे गेल्या चाळीस वर्षांतले भूकंप मोजा, आफ्टरशॉक काढून, आणि दिवसांच्या हिशोबात बसवा. यादी उघड ठेवा, चुकलेल्या ओळी पुसू नका, आणि पन्नासेक ओळी झाल्याशिवाय त्यावर कुणाशी वाद घालायला जाऊ नका.